‘तो आवाज माझा नाही, एआयचा आहे’ असं समोरचा म्हणाला तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चुलतभावाला चार लाख रुपये हातउसने दिले, तीन लाख बँकेतून आणि एक लाख रोख. घरातलाच माणूस म्हणून कागद केला नाही. पुढे त्याने व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली, ‘दादा, कारखान्याचं बिल आलं की चार लाख एकदम टाकतो, तेवढं थांब.’ आता वकिलाची नोटीस गेल्यावर त्याचं उत्तर आलंय की ते तीन लाख जुन्या हिशेबातले होते आणि ती व्हॉइस नोट त्याची नाहीच, एआयने बनवलेली आहे. तुम्ही विचारता, असा पुरावा कोर्टात चालतो का? आणि एआयपुढे कायद्याने हात टेकलेत का?

चालतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका शब्दात उत्तर नाही. जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं दिवाणी आणि थोडं फौजदारी काम करतोय, त्यात पेनड्राइव्ह, सीडी, डीव्हीआर, मोबाइल सगळं निशाणी पडताना, म्हणजे पुरावा म्हणून नोंदवलं जाताना, पाहिलंय. त्यावरून सांगतो.

कोर्टात पुराव्याला दोन दारं असतात. पहिल्या दारावर विचारतात, ही वस्तू आत घ्यायची का? दुसऱ्यावर विचारतात, आत घेतली खरी, पण ती खरी मानायची का? आपल्या कायद्याने गेली पंचवीस वर्षं जवळजवळ सगळी शक्ती पहिल्या दारावर घालवली. तुमच्या भावाचं म्हणणं दुसऱ्या दारावरचं आहे, आणि तिथे कायद्याची कलमं फारच थोडी आहेत.

आवाजाचा पुरावा काही नवा नाही. १९६७ साली युसूफअली नगरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेपरेकॉर्डरचा पुरावा घेतला. लाच देण्याच्या आरोपाचं प्रकरण होतं, पोलिसांनी खोलीत माइक लपवला होता. तेव्हाच कोर्ट म्हणालं की टेप पुसता येते, तिच्यावर पुन्हा भरता येतं, म्हणून हा पुरावा जपून घ्यायचा. नंतर मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या फोनवरच्या संभाषणाचा खटला आला. त्यात तीन कसोट्या पक्क्या झाल्या. संभाषण प्रकरणाशी संबंधित हवं, आवाज कुणाचा ते ओळखता आलं पाहिजे, आणि मध्ये कुणी खाडाखोड केलेली नाही याची खात्री पटली पाहिजे. आज एआय म्हणून जो घोर लागलाय तो बराचसा या तिसऱ्या कसोटीतच बसतो. फरक इतकाच की तेव्हा निदान पुसायला मूळ टेप असावी लागे. आता मूळ काही नसतानाही आवाज तयार होतो.

२००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घुसलं. संगणकातल्या नोंदीची प्रत द्यायची तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणारा सही केलेला दाखला सोबत हवा. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली कोर्ट म्हणालं, दाखला नसला तरी चालेल. २०१४ साली केरळच्या एका निवडणूक याचिकेत म्हणालं, नाही, हवाच. २०१८ साली पुन्हा सैल केलं. आम्ही खालच्या कोर्टातले वकील त्या काळात दोन्ही बाजूंचे निकाल बॅगेत ठेवायचो, जी बाजू आपली त्याप्रमाणे एक काढायचा.

हा गोंधळ मिटला तो आपल्या जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा एवढासाच, खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर? निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत आत-बाहेर कॅमेरे होते, म्हणजे घड्याळच साक्षीला होतं. पण चित्रण सरकारच्या ताब्यात. सीडी मिळाल्या, दाखला मात्र मागून मागून मिळेना. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीवर काम भागवलं आणि २०१७ साली निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रत देणार असाल तर दाखला लागेलच, तोंडी साक्षीने तो भरून निघत नाही. पण ज्याच्या हातात यंत्रच नाही आणि ज्याने दाखल्यासाठी शक्य ते सगळं केलं, त्याला अशक्य गोष्ट करायला कायदा लावणार नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती, ते एक असो.

तुमच्या कामाचं वाक्य त्याच निकालात आहे. ज्याचा फोन आहे तो स्वतः फोन घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर तो मूळ पुरावा, त्याला दाखला लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण निशाणी पडलेला फोन कोर्टाच्या ताब्यात जाऊ शकतो, आणि तो परत कधी मिळेल ते सांगता येत नाही. फोनमध्ये तुमची बँक, गॅसचं बुकिंग, नातवंडांचे फोटो. म्हणून लोक प्रतच देतात आणि दाखल्याच्या फेऱ्यात येतात.

१ जुलै २०२४ पासून जुना १८७२ चा कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-बच्या जागी आता कलम ६३ आहे आणि दाखल्याचा छापील नमुना कायद्याच्या परिशिष्टात दिलाय. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही भरायचा. त्यात यंत्र कोणतं, मेक-मॉडेल काय, अनुक्रमांक, आयएमईआय म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक, इतकंच काय तर यंत्राचा रंगसुद्धा विचारलाय. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. आणि दोन्हीकडे फाइलचा हॅश लिहायचा.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइल एका गणिती यंत्रातून काढली की अक्षर-आकड्यांची एक माळ मिळते. फाइलमध्ये एक कण बदलला तरी माळ पूर्ण बदलते. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ अशा चौकटी आहेत, एकीवर खूण करायची. तुम्ही एसएचए-२५६ वरच करा. एमडी-५ ची फोड २००४ सालीच झाली, एसएचए-१ ची २०१७ साली. म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा निघू शकतो हे जगाला दाखवून झालं होतं. तरी २०२३ च्या कायद्यात दोघे सन्मानाने बसलेत.

एसएचए-२५६ ची माळ चौसष्ट अक्षरांची. गेल्या वर्षी माझ्याच एका कामात टायपिस्टने दाखला टाइप करताना शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ मारला. समोरचे वकील तरुण, चलाख. उलटतपासात त्यांनी माझ्या अशिलाला विचारलं, ‘हॅशमध्ये ओ येतो का हो?’ अशील म्हणाला, ‘येत असेल की साहेब.’ येत नाही. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढीच अक्षरं असतात. अख्खा दाखला लटकला. खटला चालू असेतो दाखला आणायला कोर्ट परवानगी देऊ शकतं हेही जालन्याच्याच निकालात आहे, त्यावर आम्ही सुटलो. तेव्हापासून माझ्या ऑफिसात हॅश हाताने टाइप करायला बंदी आहे. कॉपी करायचा, चिकटवायचा आणि दोघांनी मोठ्याने वाचून ताडायचा.

आता तज्ज्ञाचं बघा. पहिल्या दारावरची खरी अडचण हीच. भाग ब वर सही करणारा तज्ज्ञ नेमका कोण, हे या कलमात धडपणे सांगितलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९-अ खाली केंद्र सरकार परीक्षक अधिसूचित करतं, पण त्या सरकारी प्रयोगशाळा. कलिन्याची न्यायसहायक प्रयोगशाळा काय किंवा पुणे-कोल्हापूर-नागपूरच्या विभागीय प्रयोगशाळा काय, त्यांच्याकडे पोलिसांच्या मुद्देमालाचीच रांग. तुमच्या चार लाखांच्या दाव्यातली बारा सेकंदांची व्हॉइस नोट तिथे कोण घेणार? मग कुणी खासगी सायबर सल्लागार गाठतो, कुणी कॉलेजचा संगणकाचा प्राध्यापक. काही न्यायाधीश मानतात, काही विचारतात, ‘यांना तज्ज्ञ कुणी ठरवलं?’ आधीच्या कायद्यात एका सहीवर काम भागत होतं. दुसरी सही वाढवल्याने बनवेगिरी करणाऱ्याला काही त्रास झालेला नाही, तो पैसे टाकून तज्ज्ञ आणतो. त्रास झाला तो प्रामाणिक, लहान पक्षकाराला. माझं स्पष्ट मत आहे की दिवाणी दाव्यात समोरच्याने शपथेवर हरकत घेईपर्यंत तज्ज्ञाची सही मागूच नये. आणि हॅश काढून द्यायची सोय कोर्टाच्या आवारातच हवी, नक्कल विभागाच्या खिडकीशेजारी.

लोक पुरावा कसा घालवतात तेही सांगतो, कारण एआयपेक्षा जास्त दावे त्याने बुडालेत. एका दुकानदाराच्या गाळ्यासमोर मारामारी झाली, त्याच्या सीसीटीव्हीत सगळं टिपलं. त्याने काय केलं, तर डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर मोबाइल धरला आणि पडद्याचं शूटिंग केलं. क्लिप गावभर फिरली. माझ्याकडे आला तेव्हा महिना उलटून गेला होता. डीव्हीआर जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं भरतो, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. मूळ चित्रण गेलं ते गेलंच. उरली ती मोबाइलमधली क्लिप. तिच्यात पडद्याच्या काचेवर ट्यूबलाइट चमकतेय, माणसांचे चेहरे कळत नाहीत आणि मागून दुकानातला पोरगा ओरडतोय, ‘दोन कटिंग, एक बिनसाखर.’ कोर्टाने विचारलं, हा घटनेचा पुरावा की घटना दाखवणाऱ्या टीव्हीचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

व्हॉट्सॲपचंही तसंच. स्क्रीनशॉटवर वर दिसतं ते नाव तुम्ही सेव्ह केलेलं असतं. मी माझ्या मुलाचा नंबर तुमच्या भावाच्या नावाने सेव्ह केला तर मुलाचे मेसेज तुमच्या भावाचे दिसतील. म्हणून नंबर दिसला पाहिजे. चॅट एक्स्पोर्ट केलं की साधी मजकुराची फाइल येते, ती कुणीही उघडून बदलू शकतो. गॅलरीतून फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो सहसा दाबून लहान करतं आणि हॅश बदलतो. तेव्हा ती व्हॉइस नोट तुम्ही मला, बायकोला, मेहुण्याला पाठवत बसू नका. ज्या फोनवर आली त्याच फोनवर, त्याच चॅटमध्ये राहू द्या.

आता दुसरं दार. समजा फोन दिला, दाखला दिला, हॅश जुळला. त्यातून काय सिद्ध झालं? एवढंच की तुमच्या फोनमध्ये जी फाइल होती तीच कोर्टापुढे आहे. ती भावाच्या तोंडून निघाली की कुणी संगणकावर बनवली, याबद्दल हॅश अवाक्षर काढत नाही. बनावट आवाजाचाही हॅश निघतो आणि तोही चोख जुळतो. मराठीत सांगायचं तर हॅश पाकिटाला लावलेली लाख आहे. आतलं पत्र कुणी लिहिलं ते लाख सांगत नाही.

कृत्रिम आवाजाबद्दल आपल्याकडे हालचाल झाली ती बहुतेक दुसऱ्या टोकाने. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजीत सिंह यांच्या आवाजाची एआय नक्कल विकणाऱ्यांना मनाई केली. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल होऊन कृत्रिम मजकुरावर तशी खूण करणं आलं. हे सगळं नामवंतांच्या हक्कांसाठी आणि समाजमाध्यमांच्या जबाबदारीसाठी ठीक आहे. पण चार लाख बुडवायला आवाज बनवणारा माणूस त्यावर ‘हे कृत्रिम आहे’ असं कशाला लिहील? आणि तुमच्या प्रकरणात तर उलटंच आहे. आवाज खरा असताना त्याला खोटा म्हणायची सोय एआयने करून दिली. पूर्वी माणूस ‘सही माझी नाही’ म्हणायचा, तेव्हा निदान कोर्टाला सही घ्यायचा अधिकार होता. साक्ष्य अधिनियमाच्या ७२व्या कलमात आजही अक्षर, सही आणि बोटांचे ठसे ताडून पाहायला कोर्ट हजर माणसाकडून नमुना घेऊ शकतं. आवाज त्यात नाही. फौजदारीत २०१९ च्या रितेश सिन्हा निकालाने दंडाधिकाऱ्याला आवाजाचा नमुना मागता येऊ लागला आणि आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४९व्या कलमात तो छापून आलाय. दिवाणीत तसं स्पष्ट कलम नाही. धोरण करणाऱ्यांना माझं पहिलं मागणं हेच असेल, ७२व्या कलमात ‘आवाज’ हा एक शब्द घाला.

ऑनलाइन साधनांनी ‘हा आवाज इतके टक्के खरा’ असा कागद काढून आणू नका. तो आकडा कसा निघाला हे पिंजऱ्यात उभं राहून सांगणारा माणूस लागतो, आणि दाबलेल्या बारा सेकंदांच्या आवाजावर छातीठोक बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग जिंकायचं कसं? जुन्याच पद्धतीने. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाताजाता लिहिलंय की त्या निरोपानंतर आठवडाभराने भावाने यूपीआयवरून वीस हजार टाकले आणि खाली ‘बाकी नंतर’ असं लिहिलं. अहो, तुमचा दावा तिथे आहे! व्हॉइस नोट कुणी बनवली असं तो म्हणेल, पण स्वतःच्या खात्यातून स्वतःचा पिन मारून गेलेले वीस हजार? जुन्या हिशेबात त्याचंच येणं होतं म्हणतो, तर मग तोच तुम्हाला पैसे का टाकतो? कसली बाकी? आधी तीन लाखांची नोंद, मग आवाज, मग वीस हजार, अशी साखळी लागली की मधला आवाज एकटा राहत नाही. दिवाणी दाव्यात शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढंच कोर्ट बघतं.

बँकेचा उतारा नुसता ॲपमधून छापून आणू नका. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालचा दाखला शिक्क्यासह मागा. शाखेत ‘सर्व्हर डाउन’ म्हणतील, पुन्हा जा.

त्याने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, नुसतं ‘एआयने बनवलं’ लिहिलं तर तुमच्या वकिलांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ८ कडे बोट दाखवायला सांगा. नकार मोघम असून चालत नाही. कुणी बनवलं, कशावरून म्हणतो, त्याच नंबरवरून त्या दिवशी दुसरं काय पाठवलं, हे त्याला सांगावं लागेल. ती व्हॉइस नोट त्याच्या नंबरवरून आलेली आहे, म्हणजे त्याच्याही फोनमध्ये असायला हवी. तो फोन हजर करायचा अर्ज द्या, आवाजाचा नमुना द्यायची मागणीही लेखी करा. त्याने नाही म्हटलं तर उत्तमच. जो पुरावा हाताशी असून दाबतो, तो पुरावा त्याच्याविरुद्धच असेल असं कोर्टाला साक्ष्य अधिनियमाच्या ११९व्या कलमाखाली मानता येतं. उलटतपासात त्याला व्हॉइस नोट ऐकवा, पण आधी विचारून घ्या की घरात तो तुम्हाला काय हाक मारतो, त्या महिन्यात ऊस कुठल्या कारखान्याला गेला होता, बिल कधी जमा झालं. आवाज बनवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असायला तो घरातलाच हवा.

रोख लाखाबद्दल फार आशा धरू नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीत देणं-घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, तो मुद्दा समोरून निघणारच. तुम्ही व्याज लावलं नव्हतं ना? लावलं असेल तर ‘हे बिनपरवाना सावकारी करतात’ हे कैफियतीतलं दुसरं वाक्य असेल, तेव्हा वकिलापासून लपवू नका.

आणि एक. उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत साधारण पैसे दिल्यापासून तीन वर्षं. ती वाढवून घ्यायला मुदत कायद्याच्या १८व्या कलमाला लेखी आणि सही असलेली कबुली लागते. बोललेली कबुली, मग ती कितीही खरी असो, तिथे कामाची नाही. तुमच्या प्रश्नात सगळं आहे, फक्त पैसे ज्या दिवशी दिले ती तारीख नाही. आजच पासबुक काढून ती बघा.